चाकं जिथे फिरतात, कर तिथला

कोलंबिया नदीच्या दक्षिण काठावर पोर्टलँड आहे आणि उत्तर काठावर व्हँकूव्हर. कॅनडातलं नव्हे, अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातलं. मधे पूल, आणि पुलापलीकडे दुसरं राज्य. दक्षिणेकडच्या ओरेगनमध्ये विक्रीकर नाही. उत्तरेकडच्या वॉशिंग्टनमध्ये राज्याचा विक्रीकर ६.५ टक्के, आणि त्यावर शहराचा व काउंटीचा वेगळा. उलट ओरेगन पगारावर राज्याचा आयकर घेतं, वॉशिंग्टन पगारावर घेत नाही. त्यामुळे राहायचं उत्तरेला आणि खरेदीला जायचं दक्षिणेला, हा इथल्या अनेक घरांचा रिवाज आहे. चिप आणि संगणक उद्योगामुळे या भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही त्याला अपवाद नाहीत.

कपडे, फोन, मिक्सर असल्या खरेदीचा हिशेब कुणी ठेवत नाही. वाहनाची गोष्ट वेगळी. डोंगरात, वाळूत, चिखलात चालवायच्या वाहनांची हौस आता आपल्या लोकांतही चांगलीच रुजलेली दिसते. चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली एटीव्ही. दोघं शेजारी बसतील अशी, स्टिअरिंग आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असलेली साइड-बाय-साइड. आणि पोरांची लाडकी डर्ट बाइक. नवी साइड-बाय-साइड २०,००० डॉलरपर्यंत सहज जाते. राज्य आणि स्थानिक मिळून साडेआठ टक्के धरले तर तिच्यावर १,७०० डॉलर कर होतो. मग पूल ओलांडायचा, तिकडच्या डीलरकडून गाडी घ्यायची, ट्रेलरवर चढवायची आणि घरी आणायची. ट्रेलरवरच्या गाडीला नंबरप्लेट आहे की नाही हे वाटेत कुणी विचारत नाही. गाडी गॅरेजमध्ये जाते, शनिवारी जंगलात जाते, आणि तिची नोंद कोणत्याच खिडकीवर होत नाही. ‘कर वाचवला’ असं मोठ्या समाधानाने सांगितलं जातं.

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते नीट मांडायचं आहे. तो कर वाचलेला नसतो, बुडवलेला असतो. वाहन ज्या राज्यात वापरलं जातं त्या राज्याला तो मिळणं न्याय्य आहे, आणि वाहन रस्त्यावर चालत नाही म्हणून त्यातली न्याय्यता कमी होत नाही. मात्र हा कर मागणाऱ्या राज्यांवरही काही जबाबदाऱ्या येतात, आणि त्या पार पाडण्यात ती आज कमी पडतात. या दोन्ही गोष्टी एकत्रच बोलल्या पाहिजेत.

आधी कायदा. अमेरिकेत ४५ राज्यं विक्रीकर घेतात. अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या ५ राज्यांत राज्यपातळीवर तो नाही. विक्रीकर दुकानदार गोळा करतो. पण माणसाने राज्याबाहेर जाऊन बिनकराची वस्तू आणली तर? त्यासाठी जवळजवळ प्रत्येक विक्रीकर घेणाऱ्या राज्यात त्याच दराचा दुसरा कर असतो, यूज टॅक्स, म्हणजे वापरकर. तो भरायची जबाबदारी ग्राहकाची. बहुतेकांना तो ठाऊकच नसतो, आणि ‘सरकारने नवं काहीतरी काढलं’ असा समज होतो. खरं तर हा कर जवळपास ९० वर्षांचा आहे आणि त्याचा उगम याच कोलंबिया नदीशी जोडलेला आहे.

१९३०च्या दशकातल्या महामंदीत राज्यांच्या तिजोऱ्या कोरड्या पडल्या आणि एकामागून एक राज्यं विक्रीकराकडे वळली. वॉशिंग्टनने १९३५ साली २ टक्के विक्रीकर आणला, आणि त्याच कायद्यात बाहेरून आणून राज्यात वापरलेल्या वस्तूंवर २ टक्के वापरकर. बाहेर आधीच तेवढा कर भरला असेल तर इथे काही द्यायचं नाही, कमी भरला असेल तर फरक द्यायचा. त्या वेळी नदीच्या वरच्या अंगाला ग्रँड कूली धरणाचं प्रचंड काम चालू होतं. कंत्राटदारांनी यंत्रसामग्री दुसऱ्या राज्यांतून आणली होती. राज्याने वापरकर मागितला तेव्हा ते न्यायालयात गेले: राज्याराज्यांमधल्या व्यापारावर हा अडथळा आहे, आणि तसा अडथळा आणायचा अधिकार राज्याला नाही. १९३७ साली ‘हेनफर्ड विरुद्ध सायलस मेसन कंपनी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरवला. निकाल न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा, की कर वस्तू आणण्यावर नाही, आणून झाल्यावर ती इथे वापरण्यावर आहे. आणि सगळा हिशेब मांडून पाहिला तर दुरून आलेल्या माणसावर इथल्या रहिवाशापेक्षा जास्त भार पडत नाही. धरणावरची ती यंत्रंही काही हमरस्त्यावर धावण्यासाठी आणलेली नव्हती.

मुंबई-ठाण्याच्या वाचकांना यावरून दहिसरचा आणि मुलुंडचा जकात नाका आठवेल. वरवर साम्य आहे, पण वापरकर जकातीसारखा नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. जकात हद्दीत शिरण्यावर होती. मालावर आधी कुठे, किती कर भरला हे ती पाहत नसे. वापरकरात आधी भरलेला कर वजा होतो. वॉशिंग्टनच्या माणसाने शेजारच्या आयडाहोत ६ टक्के विक्रीकर भरून गाडी आणली तर इथे फक्त उरलेला फरक भरायचा. ओरेगनमध्ये काहीच भरलं नव्हतं, म्हणून पूर्ण भरायचा. म्हणजे गाडी आयडाहोतून आणा, ओरेगनमधून आणा की वॉशिंग्टनमधल्याच स्पोकेनच्या डीलरकडून घ्या, एकूण भार जवळपास सारखाच येतो. इथल्या डीलरला कर गोळा करावा लागतो म्हणून त्याचं गिऱ्हाईक पळू नये, एवढीच त्यामागची भूमिका.

भारतात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तोही याच तत्त्वावर: माल तयार कुठे झाला हे नाही, वापरला कुठे जातो ते पाहायचं आणि राज्याचा वाटा त्या राज्याला द्यायचा. कारखानदारीवर उभ्या असलेल्या महाराष्ट्रासारख्या राज्यांना त्याची धास्ती होती. म्हणून पहिली ५ वर्षं दरसाल १४ टक्के महसूलवाढ धरून भरपाई देण्याची हमी केंद्राला कायद्यात घालावी लागली. हे तत्त्व आपण देश म्हणून स्वीकारलेलं आहे. भारतात ज्याला न्याय्य म्हणायचं त्याला अमेरिकेत जुलूम म्हणण्याचं कारण मला दिसत नाही.

आधीचा कर वजा मिळणं हा या व्यवस्थेचा प्राण आहे. तो नसेल तर वापरकर खरोखरच जकात होईल. न्यायालयांनीही ते जपलं आहे. व्हर्मॉन्ट राज्यात गाडीची नोंदणी करताना वापरकर घेत. व्हर्मॉन्टच्या रहिवाशाने बाहेर गाडी घेऊन तिथला कर भरला असेल तर तो वजा मिळे. पण गाडी घेताना जो दुसऱ्या राज्यात राहत होता आणि नंतर व्हर्मॉन्टला राहायला आला, त्याला तीच वजावट नाकारली जाई. इलिनॉय आणि न्यूयॉर्कमध्ये कर भरून आलेल्या लोकांना पुन्हा भरायला लावलं गेलं. १९८५ साली ‘विल्यम्स विरुद्ध व्हर्मॉन्ट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. त्याआधी १९६३ साली लुइझियानाला न्यायालयाने अडवलं होतं: तेलविहिरींवर काम करणारी वाहनं आणि उपकरणं ओक्लाहोमात जोडून आणली म्हणून जोडणीची मजुरीही करात धरायची, आणि लुइझियानात जोडली असती तर धरायची नाही, हे चालणार नाही. म्हणजे राज्याचा अधिकार मान्य, पण बाहेरून आलेल्या माणसाकडून जास्त उकळण्याची मुभा नाही. करदात्याच्या बाजूने इतका स्पष्ट कायदा असताना ‘दोनदा भरावं लागतं’ ही तक्रार टिकत नाही. पावती मात्र जपून ठेवावी लागते, कारण सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर असतं.

यात आपल्याकडच्या स्थितीशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. पुण्याची गाडी घेऊन बंगळुरूला नोकरीला गेलेल्या माणसाला विचारा. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. महाराष्ट्रात एकरकमी भरलेला रस्ताकर तिथे वजा होत नाही. तिथे आधी नव्याने भरा, मग जुन्या राज्याच्या आरटीओकडे परताव्यासाठी अर्ज करा, ना हरकत प्रमाणपत्र, चेसिसचा ठसा, खेटे. २०२१ साली बीएच मालिकेचे नंबर आले, त्यात दोन-दोन वर्षांचा कर भरण्याची सोय झाली, पण ती ठरावीक नोकरदारांनाच. तो त्रास सोसलेली माणसं अमेरिकेत आली की ‘दुसऱ्या राज्याचा वाहनकर’ हे शब्द ऐकूनच त्यांचा पारा चढतो. तो राग मला समजतो, पण तो इथे चुकीच्या जागी निघतो. इथे वजावट खिडकीवरच मिळते. भारताने ही एक गोष्ट अमेरिकेकडून जरूर घ्यावी.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप: ‘ही गाडी रस्त्यावर येतच नाही, मग कर कसला?’ यामागे रस्ताकराची कल्पना आहे. भारतात ती कायद्यानेही खरी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच चालणाऱ्या वाहनांच्या बाबतीत सांगितलं, की मोटार वाहन कर हा सार्वजनिक रस्त्यांच्या वापराचा मोबदला आहे. वाहन सार्वजनिक जागी वापरलंच जात नसेल तर तो देय होत नाही. उत्तम निकाल आहे. पण विक्रीकर आणि वापरकर हे रस्त्याचे कर नाहीत. सोफा रस्त्यावर धावत नाही, त्यावरही विक्रीकर लागतो. तो पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. त्यातून शाळा चालतात, तुरुंग चालतात, वृद्धांची काळजी घेतली जाते. व्हँकूव्हरच्या दुकानातून सायकल घेणारा तो भरतो. त्याच शहरातल्या साइड-बाय-साइडवाल्याने भरू नये यासाठी ‘रस्त्यावर येत नाही’ हे कारण होऊ शकत नाही.

रस्त्याशी संबंधित असा जो भाग आहे तो नोंदणीशुल्काचा, आणि तिथे तर ऑफ-रोड वाहनांना वेगळी वागणूक आहेच. त्यांचं नोंदणीशुल्क मोटारीपेक्षा बरंच कमी असतं आणि ते मुख्यतः जंगलातल्या वाटांसाठी वापरलं जातं. या वाटा आपोआप होत नाहीत. कुणाला हे खोटं वाटत असेल तर त्याने पावसाळ्यानंतर याकोल्ट बर्नच्या जंगलात किंवा टाहूयाच्या वाटांवर जाऊन पाहावं. जड चाकांनी पडलेल्या गुडघाभर खोल चऱ्या, ओढ्यात वाहून गेलेली माती, मोडलेले लाकडी पूल. ती माती खालच्या ओढ्यात सामन माशांच्या अंड्यांवर बसते. वाट दुरुस्त झाली नाही की लोक तिच्या कडेने नवी वाट पाडतात, आणि शेवटी वनखातं सगळा भागच बंद करतं. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आदेश काढून केंद्रीय जमिनींवर ऑफ-रोड वाहनं कुठे चालतील आणि कुठे नाही हे ठरवायला खात्यांना भाग पाडलं, ते याच नुकसानीमुळे. तेव्हापासून प्रत्येक उघडी वाट ही कुणीतरी देखभाल करून उघडी ठेवलेली वाट आहे.

त्या देखभालीचा पैसा कुठून येतो हेही पाहण्यासारखं आहे. पेट्रोलवरचा कर रस्त्यांसाठी असतो, पण एटीव्हीत जळलेल्या पेट्रोलवरही तो भरला जातोच. हा अन्याय राज्यांनी ओळखला. वॉशिंग्टनमध्ये १९७०च्या दशकापासून इंधनकराचा सुमारे १ टक्का हिस्सा जंगलातल्या रस्त्यांसाठी आणि वाटांसाठी बाजूला काढतात. केंद्रानेही १९९१ साली तशी योजना आणली. तिच्यात ३० टक्के निधी मोटारवाहनांच्या वाटांसाठी आणि ३० टक्के पायी, सायकल, घोडा यांच्या वाटांसाठी राखलेला असतो. उरलेला दोघांच्या सामाईक उपयोगाच्या कामांना. म्हणजे ‘आमच्याकडून घेतात आणि आम्हाला काही देत नाहीत’ हे पूर्ण खरं नाही. न नोंदवलेली गाडी मात्र या सगळ्या वाटांवर चालते आणि त्यात आपला वाटा घालत नाही.

मग अडचण नेमकी ऑफ-रोड वाहनांच्याच बाबतीत का येते? कारण ही वाहनं बरोबर फटीत सापडतात. मोटार घेतली तर नंबरप्लेटशिवाय ती गॅरेजबाहेर काढता येत नाही, आणि नंबरप्लेट घ्यायला गेलं की वापरकर भरावाच लागतो. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूवर आता विक्रेताच तुमच्या राज्याचा कर घेतो. २०१८ साली ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ या निकालाने ती सक्ती करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. राहिली ती दुसऱ्या राज्यात प्रत्यक्ष दुकानात जाऊन घेतलेली, स्वतः उचलून आणलेली वस्तू. तिथल्या दुकानदारावर तुमच्या राज्याचा हुकूम चालत नाही. हा वाद जुनाच आहे. डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही म्हणून मेरीलँडचे लोक तिथे फर्निचर घ्यायला जात. मेरीलँडने त्या दुकानाकडे कर मागितला आणि न मिळाल्यावर आपल्या हद्दीत आलेला दुकानाचा ट्रकच जप्त केला. १९५४ साली ‘मिलर ब्रदर्स विरुद्ध मेरीलँड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचा घरचा कर गोळा करायला परराज्यातल्या दुकानाला भाग पाडता येणार नाही. फर्निचरच्या बाबतीत राज्यांनी नाद सोडला. पण २०,००० डॉलरचं, १७ अक्षरांचा ओळखक्रमांक असलेलं, टायटलची, म्हणजे मालकीची, कागदपत्रं निघणारं वाहन त्याच फटीतून निसटावं हे मला योग्य वाटत नाही.

फट दिसली की तिच्यावर धंदा उभा राहतोच. मोंटानात विक्रीकर नाही. तिथे एक कागदी कंपनी काढायची, वाहन त्या कंपनीच्या नावावर नोंदवायचं आणि वापरायचं मात्र आपल्या राज्यात, ही सोय करून देणारे एजंट उघडपणे जाहिरात करतात. महागड्या मोटारी आणि घरासारख्या आरव्ही यांच्यासाठी सुरू झालेली ही युक्ती साइड-बाय-साइडपर्यंत पोचली आहे, कारण मोंटाना त्यांना रस्त्यावर चालवायची नंबरप्लेटही देतं आणि कॅलिफोर्नियासारखी राज्यं देत नाहीत. मालक मोंटानात कधी पाऊलही ठेवत नाही. वॉशिंग्टनमध्ये रहिवाशाने कर टाळण्यासाठी परराज्यात वाहन नोंदवणं हा फौजदारी गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात, बाहेर घेतलेलं वाहन १२ महिन्यांच्या आत राज्यात आणलं तर ते तिथेच वापरण्यासाठी घेतलं असं गृहीत धरून चालतात. विम्याचीही बाब आहे: गाडी प्रत्यक्षात कुठे ठेवली जाते हे विमा कंपनीला खरं सांगावं लागतं, आणि खोटा पत्ता दिलेला असेल तर अपघातानंतर ती कंपनी काय भूमिका घेईल हे सांगायला नको. ज्यांचं ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित आहे, अशा आपल्या माणसांनी गुन्ह्याची नोंद अंगावर घेऊन १,७०० डॉलरची ‘बचत’ करावी हे ऐकून माझ्या पोटात गोळा येतो.

‘विक्रीकरच मुळात गरिबांवर अन्याय करणारा आहे’ हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. कमी कमाई असलेल्या घरात जवळजवळ सगळा पगार खर्च होतो, त्यामुळे कमाईच्या मानाने त्याच घरावर विक्रीकराचा भार जास्त पडतो. विक्रीकरावर इतकं अवलंबून असलेली वॉशिंग्टनची करव्यवस्था देशातल्या सर्वांत विषम व्यवस्थांपैकी एक मानली जाते. पण म्हणूनच तर हा कर बुडवणं मला जास्त खटकतं. याकिमाच्या सफरचंदाच्या बागेत मजुरी करणाऱ्या बाईला ओरेगनला जाऊन मुलाचे डायपर आणि कपडे आणणं परवडत नाही. तिच्याकडे ट्रेलर नाही, एजंट नाही, सुट्टीचा दिवस नाही. ती जवळच्या दुकानात प्रत्येक वेळी पूर्ण कर देते. हौसेच्या वाहनावरचा कर ज्याला सहज परवडतो त्याने तो टाळला, तर तिजोरीतली ती खोट तिच्यासारख्यांच्या पैशातून भरून निघते. ज्याला हा कर चुकीचा वाटतो त्याने तो बदलण्यासाठी मत द्यावं, आमदाराला लिहावं. शेतीच्या कामाच्या एटीव्हीला अनेक राज्यांनी सूट दिली आहे ती अशाच मागणीतून आणि ती योग्यच आहे. ओरेगनच्या मतदारांनी विक्रीकराचा प्रस्ताव ९ वेळा मतपेटीतून फेटाळला आहे. लोकांना हवं ते होऊ शकतं. आणि त्याच ओरेगनने १ जानेवारी २०१८ पासून डीलरने विकलेल्या नव्या मोटारींवर अर्धा टक्का कर लावला तेव्हा, परराज्यातून आणलेल्या नव्या मोटारींवर तितकाच वापरकरही लावला. विक्रीकराला ९ वेळा नाही म्हणणाऱ्या राज्यालाही, कर लावायचा म्हटल्यावर, वापरकराशिवाय चालेना.

इथपर्यंत मी ग्राहकाला बोललो. राज्यांनाही तितकंच बोलायला हवं.

पहिली तक्रार परवान्यांच्या गुंत्याची. वॉशिंग्टनमध्ये कर भरून, नोंदणी करून, स्टिकर लावून माणूस कुटुंबासह यूटाच्या मोआबला निघाला तर यूटा परराज्यातल्या वाहनाचा वेगळा परवाना मागतं. तिथून ॲरिझोनात उतरला तर ॲरिझोनाचं वेगळं स्टिकर. वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफील्ड-मकॉय वाटांवर बाहेरच्या माणसाला परवाना स्थानिकापेक्षा महाग पडतो. मोटारीला एक नंबरप्लेट देशभर चालते आणि ट्रेलरवरच्या डर्ट बाइकला प्रत्येक सीमेपलीकडे नवं स्टिकर लागतं. प्रत्येक शुल्क एकेकटं पाहिलं तर लहान आहे, वाटांच्या खर्चासाठी आहे, हे मान्य. पण नियम राज्याराज्यांत इतके निरनिराळे आहेत, की प्रामाणिक माणूसही कुठेतरी चुकतो, आणि एकदा ‘कितीही भरलं तरी चुकतंच’ असं वाटू लागलं की तो भरणंच सोडतो. पश्चिमेच्या राज्यांनी एकमेकांची नोंदणी निदान दोन आठवड्यांच्या सहलीपुरती मानावी, आणि त्याहून जास्त राहणाऱ्यासाठी मिळून एक सामाईक परवाना काढावा. मासेमारीच्या बाबतीत नदी सामाईक असलेली शेजारी राज्यं एकमेकांचे परवाने मानण्याचे करार करतात. वाटांच्या बाबतीत ते अशक्य नाही.

दुसरी तक्रार माहितीची. परराज्यातला डीलर कर गोळा करणार नाही, ठीक आहे. पण ‘तुमच्या राज्यात तुम्हाला वापरकर भरावा लागेल’ असं छापलेलं एक पान विक्रीच्या कागदांत घालायला काय हरकत आहे? अनेक डीलर तोंडी उलटंच सांगतात, ‘ऑफ-रोडला काही लागत नाही’, कारण त्यांना गाडी विकायची असते. सीमेवरच्या राज्यांनी आपसात करार करून एवढी सूचना सक्तीची करावी, आणि परराज्यातल्या रहिवाशाला विकलेल्या वाहनाचा ओळखक्रमांक त्याच्या राज्याला कळवावा. यात डीलरवर दुसऱ्याचा कर गोळा करण्याचं ओझं पडत नाही. चोरीला गेलेली गाडी सापडण्याच्या दृष्टीनेही त्याचा उपयोग आहे: ट्रेलरसकट एटीव्ही पळवण्याचे प्रकार होतात, आणि टायटल नसलेली गाडी पोलिसांना सापडली तरी ती आपली आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. नोंदणीकडे लोक फक्त खर्च म्हणून पाहतात, पण आपल्या मालकीचा तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची मागणी: ऑफ-रोड वाहनांवरून गोळा होणाऱ्या वापरकरातला निदान काही हिस्सा वाटांकडे वळवावा. विक्रीकराचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जावा हे तत्त्व मी वर मान्य केलंच आहे, आणि प्रत्येक कराला वेगळा खिसा शिवला तर अंदाजपत्रक चालणार नाही हेही कळतं. तरीही इथे अपवाद करावा. हा कर आज मोठ्या प्रमाणात ग्राहकाच्या स्वेच्छेवर चालतो, आणि आपला पैसा कुठे जातो हे दिसलं तर माणूस तो भरतो. जंगलाच्या तोंडाशी, जिथे ट्रेलर उभे राहतात तिथे, एका फलकावर लिहावं: या पुलाच्या दुरुस्तीला इतके डॉलर लागले, ते या नोंदणीतून आणि या करातून आले. इमारतींच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात. करदात्याला निदान आकडा तरी दिसू द्या.

खासगी माणसाकडून जुनी गाडी घेतली तर काय, हाही प्रश्न येतो. ॲरिझोनात अशा व्यवहारावर कर नाही. वॉशिंग्टनमध्ये आहे, आणि तो गाडीच्या बाजारभावावर, व्यवहाराच्या कागदावर कमी किंमत टाकली तरी. चिखलात आपटून खिळखिळी झालेली गाडी कमी किमतीला घेणाऱ्याला पुस्तकातल्या भावाने कर सांगितला गेला तर तो अन्यायच होईल. म्हणून गाडी घेताना तिचे फोटो काढा, दुरुस्तीचा अंदाज गॅरेजकडून लेखी घ्या, विक्रेत्याची सही असलेली पावती घ्या, टायटल मागून घ्या, आणि हे सगळं घेऊन नोंदणीच्या खिडकीवर जा. परराज्यात काही कर भरला असेल तर त्या पावतीची प्रत वेगळी ठेवा. पहिल्यांदा गाडी जंगलात नेण्याआधी हे उरकून घ्या, कारण एकदा मोसम सुरू झाला की ते राहून जातं.